पुरानंतर दुरुस्त केलेलं जुनं घर: राहायला जाण्याआधी नेमकं काय तपासायचं?

कोनाडा:

दुमजली जुनं घर. जोतं दगडी, वर चुन्यात बांधलेल्या विटांच्या ४५ सेंटीमीटर जाडीच्या भिंती, माळ्याला लाकडी तुळया आणि तक्तपोशी. तळमजल्यात १.२ मीटर पाणी तीन दिवस उभं होतं. त्याला आता सात महिने झाले.

झालेलं काम: गाळ काढला, भिजलेला गिलावा १.५ मीटरपर्यंत खरवडला, तीन महिने भिंती उघड्या ठेवल्या. मग ठेकेदाराने पुढच्या दोन खोल्यांत १:४ सिमेंटचा गिलावा केला, त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रव्य घातलं. मागच्या दोन खोल्यांत चुन्याचा गिलावा आहे. तळमजल्याचं वायरिंग नवं, वरचं जुनंच. एका खोलीत लाकडी जमीन पुन्हा बसवली, बाकी सगळीकडे दगडी फरशी. ठेकेदार म्हणतो, आता रंग मारतो, या राहायला.

अडचणी: सिमेंटचा गिलावा जिथे संपतो त्याच्या जरा वर ओलीचा पट्टा आलाय, तो आधी नव्हता. चुन्याच्या खोल्यांत पांढरी भुकटी फुटते. दोन दारं घासतात. पिनांचं मॉइश्चर मीटर चौकटींवर १७ टक्के आणि तुळयांच्या भिंतीत गेलेल्या टोकांशी २४ टक्के दाखवतं. विटेवर टेकवलं की काटा थेट शेवटाला. शिवाय आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून पडते, कारण कळत नाही.

भिंत आतून वाळली हे ठरवायचं कसं? सगळं वाळेपर्यंत थांबायचं, की निम्म्या घरात राहून उरलेलं काम करता येतं?

थापी:

आधी रंग थांबवा. बाकीचं नंतर.

तो नवा पट्टा म्हणजे नवी ओल नाही, खालचीच वर सरकली आहे. चुन्यातली भिंत दोन्ही अंगांनी पाणी सोडते. आतल्या अंगाला तुम्ही सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचं झाकण घातलंत, म्हणजे ती वाट बुजली. पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढत राहतं आणि झाकण संपलं की बाहेर पडतं. सोबत क्षार घेऊन जातं. पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या पाठीमागे साठतात आणि त्याला आतून ढकलतात. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असतं, त्यामुळे असा गिलावा सुटतो तेव्हा विटेचं तोंड सोबत घेऊन येतो. वर्ष-दोन वर्षं तो छान दिसतो, फसगत तिथेच होते.

वाळण्याचं गणित समजून घ्या. सुरुवातीला आतलं पाणी विटेच्या छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत ओढलं जातं आणि तिथून उडतं. हा टप्पा भराभर होतो, पंखा लावला तर आणखी भराभर. मग ही पाण्याची सलग धार तुटते, ओल आत सरकते आणि पुढचं पाणी फक्त वाफ होऊनच बाहेर येऊ शकतं. हा टप्पा रखडत चालतो आणि पंख्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून हाताला कोरडी ठणठणीत लागणारी भिंत दहा सेंटीमीटर आत ओलीचिंब असू शकते. ढोबळ हिशेब जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक महिना असा करतात, तोही हवा खेळती असेल तर. ४५ सेंटीमीटरला दीड वर्ष होतं. हिशेब कच्चा आहे, पण सात महिन्यांत भिंत वाळली असं म्हणणाऱ्याला गप्प करायला पुरेसा आहे.

तुमचं मीटर विटेवर खोटं बोलतंय. ते दोन पिनांमधून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरचे आकडे लाकडासाठी बसवलेले असतात. विटेतल्या क्षारांमुळे वीज सहज वाहते, काटा शेवटाला जातो. भिंतीसाठी भोक पाडून वजन करणं हाच भरवशाचा उपाय.

९ किंवा १० मिलिमीटरचा बिट घ्या आणि ड्रिल सावकाश चालवा. जोरात चालवलं तर बिट तापतो आणि भुकटीतली ओल तिथेच उडते. विटेतच भोक घ्या, दरजेत (दोन विटांमधल्या सांध्यात) नको. पहिल्या एक-दोन सेंटीमीटरची भुकटी फेकून द्या. त्यापुढची, दहा सेंटीमीटर खोलीपर्यंतची साधारण २० ग्रॅम भुकटी झाकणाच्या लहान बाटलीत ताबडतोब बंद करा. एका भोकातून एवढी निघत नाही, शेजारी शेजारी तीन-चार पाडावी लागतील. निदान ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा, १०५ अंशांच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. घटलेल्या वजनाला वाळलेल्या वजनाने भागायचं आणि १०० ने गुणायचं. ओल्या वजनाने भागलं तर आकडा उगाच कमी येतो. विटेत ५ टक्क्यांच्या आत आलं तर भिंत ताळ्यावर आली समजा.

नमुना गिलाव्याचा नको. त्यात जिप्सम असेल तर १०५ अंशांना त्याचं स्वतःच्या घडणीतलं पाणीही निघून जातं आणि ओल नसताना दिसते.

जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर, १२० सेंटीमीटरवर, त्या नव्या पट्ट्यात आणि वरच्या मजल्यावर जिथे पाणी कधी पोचलंच नाही तिथे, असे किमान चार नमुने घ्या. वरचा नमुना तुलनेसाठी, तो नसेल तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा आणि लगेच उचला. धुवायची नाही. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात, आठ दिवसांनी परत हजर. चुन्याच्या गिलाव्यावर लोणा (हीच पांढरी भुकटी) फुटतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. क्षार बाहेर काढणं हेच त्याचं काम, थोडा खराब झाला तर पुन्हा करता येतो, वीट पुन्हा आणता येत नाही.

सोपंकाम:

एवढी उठाठेव कशाला? आतून एपॉक्सीचे दोन हात मारा, वर पुट्टी आणि रंग. ओल दिसणारच नाही.

थापी:

दिसणार नाही हे खरं आहे. एपॉक्सी आतून लावला तर भिंतीतलं पाणी त्याच्या पाठीशी अडतं आणि तुळयांच्या टोकांकडे जातं. तुळया आधीच २४ टक्क्यांवर आहेत. एपॉक्सी नव्या काँक्रीटच्या टाकीला मारा, चुन्यातल्या भिंतीला नाही.

मेगर:

आरसीसीबीचं सांगतो, कारण राहायला जाण्याच्या निर्णयात तीच पहिली अट आहे.

‘कारण नसताना’ आरसीसीबी पडत नाही. ओल्या भिंतीत बहुतेक वेळा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात गळती असते. ओळखायची खूण अशी: सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे स्विच) बंद केले तरी आरसीसीबी पडते, किंवा घरात मोठा भार चालू झाला की पडते. एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून वायरमन एकेक एमसीबी पाडून दोष शोधत बसतो आणि दोष सापडत नाही. एकेका सर्किटचा न्यूट्रल पट्टीवरून सोडवून बघावा लागतो.

पद्धत: मेन बंद. सगळी उपकरणं, एलईडी ड्रायव्हर, डिमर, सर्ज प्रोटेक्टर काढून ठेवा, नाहीतर चाचणीत तेच जळतील. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून त्यांच्या आणि अर्थच्या मध्ये मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) ५०० व्होल्ट डीसी द्या. किमान १ मेगाओहम यायला हवा. पण हा उंबरठा आहे. नव्या वायरिंगला शेकड्यात आकडा येतो. तुमच्या नव्या सर्किटला २ किंवा ३ मेगाओहम आले तर ते नियमात बसतं, पण पाइपात कुठेतरी पाणी साठलंय असा त्याचा अर्थ. भिंतीतल्या पाइपाच्या खालच्या वळणात पाणी महिनोन् महिने राहतं. वायर ओढून काढा, पाइपात हवा मारा, जंक्शन बॉक्स आठवडाभर उघडे ठेवा, पुन्हा मोजा.

‘वरचं जुनंच’ यात गोम आहे. वरच्या दिव्याचा स्विच जिन्याच्या खाली असेल तर ती वायर पुराच्या पाण्यातून गेली आहे. टोक बुडालं की पाणी तारांच्या पेडातून, आवरणाच्या आतून, बरंच वर चढतं. टोक कापून बघा. तांबं हिरवं किंवा काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा. मागे जाऊनही काळंच असेल तर वायर बदला. कापडी किंवा रबरी आवरणाची असेल तर मोजायच्या भानगडीत न पडता सगळी बदला. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, स्विच, सॉकेट वाळवून पुन्हा लावायचे नसतात. आतल्या संपर्कांवर गाळ बसतो आणि नेमक्या वेळी ते उघडत नाहीत.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण फक्त आतली यंत्रणा हलते का एवढंच सांगतं, अर्थिंग आहे की नाही ते सांगत नाही. आरसीसीबी टेस्टर लावून बघा: ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी ३० मिलीअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट प्रवाहाला ४० मिलिसेकंदांच्या आत पडली पाहिजे. अर्थिंगचा रोध जमीन ओली असताना नेहमीच चांगला येतो. पुरानंतर लगेच मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका, जमीन पुरती वाळल्यावर पुन्हा मोजा. खड्ड्यातला क्लॅम्प गंजला आहे का तेही तेव्हाच बघा.

आणि ‘सारखी पडते’ म्हणून कुणी आरसीसीबी काढून सरळ जोडणी करून देतो म्हणाला, तर त्याला घराबाहेर काढा.

रंधा:

लाकडाचं मी बघतो.

दारांना हात लावू नका. फुगलेल्या दाराला रंधा मारला की ते आज बसतं आणि घर वाळलं की फटीतून बोट जातं. घासतंय तिथे पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा, दर महिन्याला बघा. मात्र खूण सरकायची थांबली, चौकटही १२-१४ टक्क्यांवर स्थिरावली आणि दार तरीही घासत असेल, तर चौकट ओळंब्यात आहे का ते बघा. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली असेल तर तो लाकडाचा प्रश्न नाही, पाया बसतोय. चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरने महिन्याला मोजा. १ मिलिमीटरच्या आतली केसासारखी चीर वाळण्याने पडते. ५ मिलिमीटरच्या वर गेली किंवा दर महिन्याला वाढत गेली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय खाली झोपू नका.

तुळयांची टोकं ही खरी काळजी. लाकूड २० टक्क्यांच्या वर राहिलं की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं. पृष्ठभागावर २४ म्हणजे भिंतीच्या आतलं टोक त्याहून ओलं असणार. मीटरच्या लांब, बाजूने आवरण असलेल्या पिना मिळतात, त्या ३ ते ४ सेंटीमीटर आत ठोकून वाचा. मग आरी (दाभणासारखं टोकदार हत्यार) घ्या आणि भिंतीलगत खालच्या अंगाने टोचा. घट्ट लाकडात आरी ३-४ मिलिमीटर जाऊन अडते, उचकटलं तर लांब कुसळ निघतं. कुजलेल्यात लोण्यात गेल्यासारखी जाते आणि उचकटलं की चौकोनी तुकडा आवाज न करता सुटतो. हातोडीने ठोकून आवाजही ऐका. चांगली तुळई खणखणते, आतून गेलेली भद्द वाजते.

टोक चांगलं असेल तर त्याच्या भोवतीची भिंत मोकळी करा. दोन्ही बाजूंना आणि टोकापुढे २० ते २५ मिलिमीटर हवा खेळेल एवढी फट ठेवा. ठेकेदाराने तिथे सिमेंट ठासलं असेल तर आधी ते काढा, लाकूड कुजवायचा याहून खात्रीचा उपाय नाही. तुळई जिथे टेकते तिथे दगडाची पातळ चीप किंवा शिशाचा पत्रा सरकवा, म्हणजे खालची ओल लाकडात चढणार नाही. टोकापासून हातभर अंतरापर्यंत खालून तिरपी भोकं पाडून बोरॉनच्या कांड्या घाला आणि लाकडी खुंटीने बुजवा. ओल्या लाकडात त्या विरघळून पसरतात, कोरड्यात तशाच पडून राहतात. म्हणजे गरज असेल तिथेच औषध पोचतं. टोक कुजलंच असेल तर टेकू देऊन, कुजकं कापून, चांगल्या लाकडाचं टोक लांब तिरप्या सांध्याने जोडतात आणि बोल्ट मारतात. टेकू जमिनीवरच्या फरशीवर नको, खाली जाड फळी घालून भार पसरवा. खालची माती अजून ओली असेल, टेकू रात्रीत खचतो.

लाकडी जमिनीबद्दल: बाहेरच्या भिंतीलगतची एक फळी उचला. खाली गाळ आहे का, जोत्यातली हवेची भोकं उघडी आहेत का आणि खालच्या कड्यांत (फळ्यांना आधार देणाऱ्या आडव्या लाकडांत) मीटर काय दाखवतं ते बघा. कड्या आणि फळ्या यांत २-३ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जमीन घाईने बसवली आहे. फळ्यांच्या कडा उचलल्या आणि मधे खोलगट झाल्या असतील तर खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे. अशी जमीन आत्ता घासून सपाट करू नका. खालून वाळली की फळ्या मूळ आकारात येतील आणि घासलेल्या कडा खाली जाऊन मधे उंचवटे राहतील. भिंतीलगत १० ते १२ मिलिमीटर फट नसेल तर शेवटची फळी काढून ठेवा.

वाळवीसाठी पूर्वी जमिनीत मारलेलं औषध पुराच्या पाण्याने धुऊन गेलंय असंच धरा. फरशीच्या कडेने आणि जोत्याभोवती पुन्हा मारून घ्यावं लागेल.

कोनाडा:

आभार. नमुने घेतले. ओलं वजन आणि वाळल्यावरचं वजन असं:

पुढची बाहेरची भिंत, ३० सेंटीमीटरवर: २१.४ → १९.८ ग्रॅम, म्हणजे ८.१ टक्के.
तीच भिंत, १.६ मीटरवर, त्या पट्ट्यात: २०.९ → १९.५, ७.२ टक्के.
मागची चुन्याची खोली, १२० सेंटीमीटरवर: २०.६ → १९.९, ३.५ टक्के.
वरचा मजला: २०.३ → २०.०, १.५ टक्के.

आरसीसीबी: सगळे एमसीबी बंद असतानाही पडली. न्यूट्रल सोडवल्यावर दोष जिन्याखालच्या स्विचच्या सर्किटमध्ये निघाला.

पट्ट्यातला ७.२ चा आकडा कोड्यात टाकतो. पाणी १.२ मीटरपर्यंत होतं. तीस सेंटीमीटरवरच्या इतकंच जवळपास वर कसं?

थापी:

त्यातलं किती पाणी आणि किती मीठ ते वेगळं करता येतं. तुमच्या वाळलेल्या भुकट्या फेकल्या नसतील तर उघड्या बशीत पसरा. हवाबंद डब्यात एका वाटीत साधं मीठ आणि त्यात मीठ पूर्ण न विरघळेल इतपतच पाणी ठेवा. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावर डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. बश्या त्यात ठेवून झाकण लावा, वजन वाढायचं थांबेपर्यंत काही दिवस जाऊ द्या, मग मोजा. भुकटीने हवेतून जेवढं पाणी ओढलं तेवढी ओल क्षारांची.

समजा पट्ट्यातले १९.५ ग्रॅम २०.३ झाले. म्हणजे ४.१ टक्के क्षारांनीच ओढली, ७.२ मधली निम्म्याहून जास्त. ती भिंत कितीही वाळवली तरी दमट दिवसांत ओली दिसणारच, कारण ती हवेतलं पाणी पिते. तिथे वाट बघण्यात अर्थ नाही, क्षार काढावे लागतात. कागदाचा लगदा आणि चिकणमाती स्वच्छ पाण्यात कालवून १ ते २ सेंटीमीटर जाड लेप थापा, तो पुरता वाळून आपोआप सुटू लागला की काढून फेका, दोन-तीनदा करा. याउलट ३० सेंटीमीटरवरच्या नमुन्याने जेमतेम ०.३ ग्रॅम ओढलं, तर ते ८.१ खरं पाणी आहे. तिथे वाळणं हाच उपाय.

तेव्हा पुढच्या खोल्यांचं सिमेंट काढावं लागणार, यात मला शंका नाही. सगळं एका दिवसात नको. आधी ३० बाय ३० सेंटीमीटरचा तुकडा हाताच्या छिन्नीने कडेकडून काढून बघा. ब्रेकर लावू नका. विटेचं तोंड शाबूत राहिलं तर खालून वर सरकत जा. काही ठिकाणी वीट सोबत यायला लागली तर तिथे थांबा, ठोकून जिथे पोकळ वाजतं तेवढंच काढा, आणि जमिनीलगतची ३० सेंटीमीटरची पट्टी मात्र काहीही करून उघडी करा. मग ३० सेंटीमीटरवरचा नमुना ५ च्या आत येईपर्यंत दर महिन्याला शेजारी नवीन भोक घेऊन मोजत राहा.

पुन्हा गिलावा करताना: दरजा १५ ते २० मिलिमीटर खोल खरवडा, धूळ झाडा, पाणी शिंपडा. एक घमेलं विरवलेला चुना, दोन घमेली चाळलेली खरखरीत वाळू, एक घमेलं कमी भाजलेल्या विटांची बारीक सुरखी (भुकटी). नुसत्या चुन्याला घट्ट व्हायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि ओलसर भिंतीवर तो महिनोन् महिने मऊच राहतो. सुरखीमुळे तो ओलीतही धरतो. कळीचा चुना विरवून निदान तीन आठवडे मुरलेला हवा. न विरलेला खडा राहिला तर गिलाव्यात नंतर फुगतो आणि वाटाण्याएवढे पोपडे उडतात. एका थराची जाडी ८ ते १० मिलिमीटर, त्यावर तिरप्या रेघा ओढून ठेवा. नखाने ओरखडा उठतो पण बोट रुतत नाही, अशा अवस्थेला दुसरा थर. आठवडाभर ओलं गोणपाट आणि ऊन-वाऱ्यापासून आडोसा. पंखा लावाल तर चिरा पडतील. डोळ्यांवर गॉगल हवाच, चुन्याचा शिंतोडा डोळा भाजतो.

रंग फक्त चुन्याचा किंवा सिलिकेटचा. चुना दुधाइतका पातळ, भिंत ओली करून चार-पाच हात. जाड एका हातात उरकायला गेलात तर पावडर होऊन अंगाला लागतो. प्लॅस्टिक पेंट, पुट्टी, वॉलपेपर काही नाही.

नहाणी:

पाणी आणि ड्रेनेज कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात.

घर महिनोन् महिने बंद असेल तर नहाणी ट्रॅपमधलं (सांडपाण्याच्या भोकाखालच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या भांड्यातलं) पाणी आटतं आणि गटाराची दुर्गंधी थेट घरात येते. लोक नवा पाइप फुटला समजून फरशी उखडतात. आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता, तासाभराने वास घ्या. मग चेंबरची झाकणं उघडून तळाला गाळ आहे का बघा. वरच्या चेंबरमध्ये दोन बादल्या एकदम ओतल्या तर खालच्यात पाणी धडाक्याने यायला हवं, रेंगाळत आलं तर मधे गाळ बसलाय. बाहेरच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) नसेल तर आत्ताच बसवा. पुढच्या वेळी पाणी दारातून यायच्या आधी संडासातून येतं.

टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर उपसा, घासा, भरा आणि लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळेल एवढं औषध घाला. ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर हजार लिटरला १५० ग्रॅम, आधी बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणीच ओता. उघड्या डब्यातली जुनी पावडर घेऊ नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा म्हणजे पाइपही धुतले जातात, २४ तास तसंच ठेवा, मग सगळं काढून टाका आणि ताजं भरा. ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा अमोनियाचं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. गॅसचा रेग्युलेटर पाण्यात बुडाला असेल तर तो वाळवून वापरायचा नसतो, नवा घ्या.

कोनाडा:

म्हणजे वरच्या मजल्यावर राहून खाली काम चालू ठेवलं तर चालेल? डिह्युमिडिफायर आणलं आहे, ते खिडक्या उघड्या ठेवून लावतोय. जिन्याखालच्या प्लायवर काळे ठिपकेही आलेत.

थापी:

वर राहता येईल. जिन्याखालचं सर्किट तोडून नवं ओढलं, सगळ्या सर्किटांचा मेगरचा आकडा लिहून ठेवला, पाणी-ड्रेनेज वर लिहिल्याप्रमाणे झालं आणि ‘रंधा’ म्हणाले तशा तुळयांच्या टोकांत आरी घुसली नाही, तर. शेवटची अट विसरू नका, तुमच्या पलंगाखाली त्याच तुळया आहेत.

डिह्युमिडिफायर लावायचं तर खिडक्या-दारं बंद, नाहीतर ते बाहेरची सगळी हवा सुकवत बसतं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा मशीन बंद आणि खिडक्या उघड्या. दोन्ही एकदम नाही. खोलीत आर्द्रतामापक टांगा, ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, पण ४० च्या खाली नेऊ नका, लाकूड तडकतं. बादलीत रोज किती लिटर साठलं ते भिंतीवरच तारखेसह लिहा. तो आकडा उतरत जाऊन सपाट झाला की मशीनचं काम संपलं, उरलेलं भिंत तिच्या वेगाने करेल.

चार माणसं स्वयंपाक, आंघोळ आणि श्वासातून रोज दहाएक लिटर पाणी हवेत सोडतात. ओले कपडे आत वाळवू नका, तळमजल्यावर तर नाहीच. स्वयंपाकघर खाली असेल तर धूर काढणारा पंखा बाहेर हवा फेकतो की आतल्या आत फिरवतो ते बघा.

प्लाय काढून टाका. बुरशी त्याच्या थरांत शिरलेली असते, पुसून जात नाही. एन-९५ मास्क लावा, पाण्याचा फवारा मारून ठिपके ओले करा म्हणजे बीजाणू उडणार नाहीत, पिशवीत बांधूनच घरातून न्या. फरशी, धातू, काच डिटर्जंटने घासून कोरडी केली की पुरे. नवा प्लाय तिथे लावू नका, जागा उघडीच राहू द्या.

रंधा:

फर्निचरचं राहिलं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे, चार पायांवर, पाठीमागच्या फळीला वर-खाली भोकं पाडून. ती भिंतीला टेकवली की मागे हवा थांबते, आणि ओल आधी कपड्यांच्या वासात कळते. बंद कपाटातलं मीटरही महिन्याला एकदा बघा, विशेषतः मागच्या फळीचा खालचा कोपरा. तुळयांचे आकडे लिहिताना प्रत्येकीला क्रमांक द्या आणि मोजायची जागा पेन्सिलने गोल करा. दर वेळी दुसरीकडे पिना टोचल्या तर २४ चे २० झाले ते वाळून झाले की जागा बदलून, हे कधीच कळत नाही.